दादासाठी

तामलवाडीच्या फाट्यावर सोमेश बिराजदारचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. पुढं दुकान, मागं घर, मधे एक जाड पडदा. मार्च उजाडला की आसपासच्या गावांतल्या जळक्या मोटारी दारात येऊन पडायच्या आणि सोमेश सकाळपासून दिवस कलेपर्यंत त्यांच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून नवी भरत बसायचा. हाताला गुण होता. स्वभाव मात्र पक्का संशयी. "कालपर्यंत झ्याक चालत हुती," असं गिऱ्हाईक म्हणालं की हा आधी झाकण काढून वास घ्यायचा. मोटार कधी जळली ते त्याला वासावरून कळायचं आणि समोरचा किती थापा मारतोय तेही.

त्या उन्हाळ्यात दुकानातून तार जायला लागली. फार नाही. बारीक गेजच्या तांब्याच्या तारेचं उरलेलं भेंडोळं संध्याकाळी खुंटीवर असायचं, सकाळी नसायचं. मग एक बॅटरी गेली. मग चिकटपट्टी. दुसऱ्या कुणाच्या दुकानात हे झालं असतं तर त्यानं मालकाला चार माणसांवर नजर ठेवायला सांगितलं असतं. पण इथं त्याला राग आला नाही, उलट गालातल्या गालात हसू आलं. थोरला वीरभद्र अकरावी सायन्स संपवून बारावीत चालला होता. रोज एसटीनं सोलापूरला क्लासला जायचा. तार नेणारा दुसरा कोण असणार?

"आमचं पोरगं घरात कायतरी प्रयोग करतंय," तो गिऱ्हाइकांना सांगायचा. "इचारत न्हाय म्या. डोकं चालतंय त्याचं, चालू द्यावं."

वीरभद्र लहान असताना त्यानं एकदा विचारलं होतं, "आप्पा, करंट दिसत कामून न्हाय?" तो प्रश्न सोमेशनं पाव्हण्यारावळ्यांत कितीतरी वेळा सांगितला होता. प्रश्न विचारून झाल्यावर पोरगं उत्तराची वाट न बघता गोट्या खेळायला पळालं होतं, एवढं मात्र तो सांगायचा नाही.

त्याच सुमारास बायकोनं, शिवलीलानं, परत एकदा नळाचं काढलं. न्हाणीपुढच्या लोखंडी नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तिची जुनी तक्रार. तिनं मागून हाक मारली की सोमेश हातातलं काम बंद करायचा, टेस्टर घेऊन यायचा, नळाला लावायचा. टेस्टरचा दिवा काही लागायचा नाही.

"कुठं हाय करंट? वल्या हाताला वाटतंय तसं."

"अवं, आत्ता आला हुता. कोपरापर्यंत गेला."

"मग माज्याच वेळी कसा पळून जातोय?" असं म्हणून तो पडद्याआड जायचा. बायकांचं भ्या असतंय, आपण कितीबी सांगा, असं त्याचं आपलं ठरलेलं. धाकटी राजेश्वरी तिथंच भांडी घासत असायची. ती एकदा नळाकडं बघायची, एकदा पडद्याकडं.

वैशाखातल्या एका सकाळी शिवलीला शेजारी गेली होती आणि सोमेशला चहाची तलफ आली. साखर शोधताना त्यानं वरच्या फळीवरचा एक डबा उघडला. आत तांब्याची तार होती. नीट गुंडाळून, कागदाच्या पट्टीनं बांधलेली. शेजारी बॅटरी, चिकटपट्टी. आणि डब्यात राजेश्वरीची जुनी केसांची रिबन.

तो डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला. हसू कुठल्या कुठं गेलं. वीरभद्रचा डबा असता तर त्यानं तो परत जागेवर ठेवून दिला असता. पण राजीचा? दहावीची परीक्षा देऊन घरात बसलेली पोरगी तांबं कशाला लपवती? तांब्याला भंगारात भाव असतो, हे फाट्यावरच्या शेंबड्या पोराला माहीत होतं. ही विकत असली पाहिजे. कशासाठी? मोबाईलसाठी? कुणाच्या नादानं? एक प्रश्न दुसऱ्याला ओढून आणत होता.

शिवलीला आल्यावर तो दबक्या आवाजात म्हणाला, "पोरगी चोरी करती. तुला ठावं हाय का?"

"कशाची चोरी?"

"तारंची."

शिवलीलानं डबा बघितला, रिबन बघितली. "घेतली असंल कशाला तरी. तिलाच इचारा की."

"इचारल्यावर कोण खरं सांगतंय?"

त्यानं विचारलं नाही. पाळत ठेवली. राजी किती वेळा दाराशी जाते, कुणाशी बोलते, दुपारी सगळे आडवे झाले की ती कुठं असते, हे सगळं तो मोटारीत हात घालून बसल्या बसल्या पडद्याच्या फटीतून बघायला लागला. आणि संशयानं बघितलं की सगळंच संशयाचं दिसतं. ती न्हाणीपाशी उगाच उभी असायची. आईला काहीतरी विचारायची, "आत्ता आला का, अव्वा? आत्ता?" मग पळत पडद्यापाशी येऊन दुकानात डोकवायची. त्याची नजर वर गेली की मागं सरकायची. बाप कामात आहे का, हेच बघत असणार. दुसरं काय?

एका दुपारी ती ओढणी डोक्यावरून घेऊन बाहेर पडली. सोमेशनं हातातला स्क्रू-ड्रायव्हर ठेवला आणि लांबून मागं निघाला. ऊन मी म्हणत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पोरगी हॉटेलं ओलांडून गेली, पंक्चरवाल्याला ओलांडून गेली आणि सरळ धुळाप्पाच्या भंगाराच्या दुकानात शिरली.

बरोबर ओळखलं आपण, असं सोमेशला वाटलं, आणि बरोबर ओळखल्याचं एक वाईट समाधानही वाटलं. तो तरातरा गेला. राजी जुन्या टेपरेकॉर्डरच्या ढिगाशी उकिडवी बसली होती.

"किती दिलं ह्यानं तुला?"

ती दचकून उभी राहिली. पंक्चरवाला आणि चहा पिणारे दोन ड्रायव्हर इकडं बघायला लागले.

"बोल की! किती दिवसांपासनं तांबं घालतीस ह्याला?"

धुळाप्पा तराजू सोडून पुढं आला. "आवो सोमेशअण्णा, काय बोलताव? पोरगी इकाया न्हाय आली, मागाया आली. जुन्या टेपच्या स्पीकरमदलं लोहचुंबक पायजे म्हणती."

"चुंबक?" सोमेशला काही उमजेना. "तुला काय करायचंय चुंबक?"

राजीनं एकदा त्या बघणाऱ्या माणसांकडं पाहिलं, एकदा बापाकडं. तोंड उघडलं, मिटलं. मग खाली बघून म्हणाली, "दादासाठी."

"वीरूसाठी?"

"व्हय. त्याच्या कॉलेजचं हाय. तारबी त्याच्यासाठीच ठिवली."

सोमेशचा सगळा राग ओसरून गेला. दोन वाक्यांत सगळं जुळलं. पोरगं सोलापूरला जातंय, त्याला वेळ नाही, बहिणीला कामाला लावलंय. "मग आधी सांगायचं न्हाय व्हय, येडे?" त्यानं स्वतः ढिगात हात घालून तिला चांगला मोठा स्पीकर उपसून दिला, धुळाप्पाचे पैसे चुकते केले, वाटेत रसवंतीवर तिला उसाचा रस पाजला. राजीनं ग्लास संपवला. संपेपर्यंत मान वर केली नाही.

संध्याकाळी वीरभद्र क्लासहून आला तसं सोमेशनं त्याला समोर बसवलं. "काय बनवायलास रं? आमाला तरी दाव."

वीरभद्रनं बापाकडं बघितलं, मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बहिणीकडं. राजीनं मान किंचित हलवली. "हाय... हाय एक प्रोजेक्ट," तो म्हणाला. "झाल्यावर दावतो."

चार-सहा दिवसांत ती वस्तू तयार झाली. चहाच्या कागदी पेल्याच्या बुडाला तारेची गुंडाळी चिकटवलेली, तिच्यावर चुंबक, आणि दोन लांब वायरी बाहेर काढलेल्या. एका वायरीच्या टोकाला कपडे वाळत घालायचा लाकडी चिमटा, दुसरीला सायकलच्या चाकातली तार. सोमेशनं ती दुकानात आणून ठेवली. काक्रंब्याचा एक शेतकरी मोटार घ्यायला आला होता, त्याला कौतुकानं दाखवली. "स्पीकर हाय. पोरानं घरी केलाय."

शेतकरी गेल्यावर त्यानं ती सहज डोळ्यांजवळ धरली. आणि त्याच्या भुवया वर गेल्या.

गुंडाळी फार नेटकी होती. वेढ्याला वेढा चिकटून, कुठं तार तारेवर चढलेली नाही. पण वेढे उलटे होते. आयुष्यभर तार गुंडाळणाऱ्या माणसाला ते न दिसतं तरच नवल. उजव्या हाताचा माणूस गुंडाळतो त्याच्या बरोबर उलट्या बाजूनं ही तार गेली होती. वीरभद्र उजवा होता. घरात डावखुरी एकच होती. लहानपणी जेवताना तिच्या डाव्या हातावर फटके मारून मारून शिवलीलानं तेवढा जेवणापुरता तो हात सुधारला होता.

सोमेशनं पेला खाली ठेवला. थोड्या वेळानं परत उचलला. मग स्वतःशीच हिशेब लावला, हात हिचे असतील, डोकं त्याचं. त्यानं सांगितलं असंल असं असं गुंडाळ, हिनं गुंडाळलं. पोरींचा हात असतोच नाजूक. जमलं. पटलं.

पण पटलेलं रात्रीपर्यंत टिकलं नाही. जेवताना त्यानं वीरभद्रला विचारलं, "ती सायकलची तार कशाला लावलीस रं?"

"कुठली?"

"स्पीकरला. एका वायरीला चिमटा, एकीला सायकलची तार."

वीरभद्रचा घास हातातच राहिला. "ते... गाणी ऐकायला."

"सायकलच्या तारंनं?"

पोरानं मान खाली घालून भाकरी मोडली. राजीनं उठून सगळ्यांना वरण वाढलं आणि वाढताना कुणाच्याच तोंडाकडं बघितलं नाही. सोमेशच्या मनात आलं, ही दोघं मिळून काहीतरी लपवतायत. पण काय, ते त्याला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं पाच एचपीची एक मोटार भरून टेस्टिंगला लावली. मोटार घुमायला लागली. तेवढ्यात पडद्याआडून राजीचा आवाज आला.

"अव्वा, नळाला हात लावू नगंस! लांब व्हय!"

सोमेश सवयीनं बटणाकडं वळला.

"आप्पा, मोटार बंद करू नका!" ती ओरडली. बापाशी आवाज चढवायची तिची ती पहिलीच वेळ असावी. "चालू ऱ्हाऊ द्या. तशीच ऱ्हाऊ द्या आन् हिकडं या."

तो पडदा सारून आत गेला. राजी न्हाणीपुढं पाटावर बसली होती, पायांत रबरी चपला. चिमट्यानं एक वायर नळाला लावलेली, सायकलची तार अंगणातल्या ओल्या मातीत खुपसलेली. सकाळी दुकानातून परत नेलेला पेला तिनं कानाशी धरला होता. तिनं तो न बोलता त्याच्यापुढं केला.

पेल्यातून बारीक गुणगुण येत होती. गांधीलमाशी डबीत कोंडल्यासारखी.

"आता टेस्टर लावा," ती म्हणाली.

त्यानं खिशातला टेस्टर काढून नळाला टेकवला. दिवा लागला. फिकट लाल, पण लागला. सोमेशनं हात मागं घेतला. परत टेकवला. परत लागला.

"अव्वा बोलवती तवा तुमी मोटार बंद करून येताव," राजी म्हणाली. "मोटार बंद झाली की नळाचा करंट जातोय. मग तुमी म्हणताव काईच न्हाय. तुमच्या बोर्डाची अर्थिंग ह्या पायपाला जोडलीया. ज्या मोटारीत लिकेज आसंल ती लावली की हितं येतंय. सगळ्याच मोटारींनी येत न्हाय. म्या पेला लावून बघितलंय."

दुकान नवं होतं तेव्हा अर्थिंगला खड्डा खणायचा कंटाळा करून त्यानंच ती वायर पाण्याच्या पायपाला गुंडाळली होती. चार दिवसांसाठी म्हणून. मग विसरला होता. त्या नळावर बायको रोज भांडी घासत होती, पोरं आंघोळ करत होती. सोमेश त्या पायपाकडं बघत राहिला.

आणि इतकं सगळं डोळ्यांपुढं असताना त्याच्या तोंडून निघालं ते हेच.

"हे तुला कुणी सांगितलं?"

राजीचा चेहरा आत्तापर्यंत उघडा होता. तो त्यानं मिटताना पाहिला. तिनं चिमटा सोडवला, मातीतली तार उपसली, वायरी गुंडाळल्या. डाव्या हातानं, उलट्या.

"दादानं," ती म्हणाली.

वीरभद्र सकाळच्या एसटीनं सोलापूरला गेलेला होता. त्याला हे काही ठाऊक नव्हतं, हे सोमेशला कळत होतं. पोरगी खोटं बोलतेय हे कळत होतं. आणि हे खोटं आपणच तिच्या अंगवळणी पाडलंय, भंगाराच्या दुकानात ते ऐकून आपणच खूश झालो होतो, तिला रस पाजला होता, हेही कळत होतं.

शिवलीला इतका वेळ कोरड्या दगडावर उभी होती. ती पुढं आली. ओरडली नाही, म्हणून ते जास्त लागलं. "म्या सांगत हुते तवा भ्या वाटतंय म्हणून सांगत हुते का? टेस्टर लागला न्हाय म्हणजे बायकू खोटी. व्हय ना?"

सोमेशनं लगेच मोटार बंद केली, पायपावरची वायर तोडली आणि अंगणाच्या कोपऱ्यात खड्डा खणायला घेतला. मदतीला कुणाला बोलावलं नाही. मीठ, कोळसा, पट्टी घालून खड्डा बुजवेपर्यंत संध्याकाळ झाली. वीरभद्र आला, हातपाय धुवायला नळाशी गेला आणि बापाला मातीनं माखलेलं बघून थांबला. सोमेशनं त्याला झालं ते सगळं सांगितलं. मग म्हणाला, "आता खरं सांग. ह्यातलं तुला काय येतंय?"

वीरभद्रनं नळ सोडला, बंद केला. "काईच न्हाय, आप्पा," तो म्हणाला. "क्लासमदीबी काई कळत न्हाय मला. फिजिक्स सुरू झालं की फळ्यावरचं नुसतं वहीत उतरवून घेतोय. गृहपाठ सुदिक राजीच समजावून सांगती. मला वाटलं, एक दिवस येईल आपसूक. तुमी सगळ्यांला सांगत हुताव ना, डोकं हाय म्हणून."

सोमेश खड्ड्याच्या कडेला बसला. आपल्या पोराला आपण ओळखतो असं त्याला वाटत होतं. मोटारीचा वास घेऊन माणसाचं खोटं पकडणारा तो, आणि एकाच घरात दोन लेकरं वर्षानुवर्षं खोटं वागत होती. एक येत नसून येतंय म्हणून. दुसरी येत असून येत नाही म्हणून. त्याला आठवलं, ती पाच-सहा वर्षांची असताना दुकानात येऊन मोटारीपाशी बसायची. "व्हय तिकडं, करंट लागंल. पोरीच्या जातीला काय करायचंय हे," असं म्हणून त्यानं तिला चहाचे कप घेऊन आत पाठवलं होतं. किती वेळा, ते आठवेना. आणि करंट का दिसत नाही, हे तिनंही विचारलं होतं, नक्की विचारलं होतं. तेव्हा तो नुसता हसला होता.

दहावीचा निकाल लागला. राजेश्वरीला चांगले मार्क पडले, विज्ञानात तर वर्गात पहिली. सोमेशनं पेढे वाटले. रात्रीची जेवणं झाल्यावर तो तिच्यासमोर येऊन बसला. कसं सुरू करावं ते त्याला सुचत नव्हतं.

"तुळजापूरला सायन्सला नाव घालू या तुजं."

राजी शेंगा फोडत होती. तिचे हात थांबले. "कशापायी?"

"कशापायी म्हणजे? तुला येतंय ते."

"मला न्हाय जमायचं. सायन्सला दादा हाय की."

"दादा सायन्स सोडून कॉमर्सला चाललाय. त्याला दुकान काढायचंय सामानाचं."

तिनं त्याच्याकडं बघितलं. मग आईकडं बघितलं, बाहेर दुकानाकडं बघितलं, जणू कुठून काय येणार आहे ते हुडकत होती. "कुणी बघायला येणार हाय का मला?" ती म्हणाली.

"आं?"

"सायन्सची पोरगी म्हणून सांगायचंय का कुणाला? खरं सांगा. आता सायन्स म्हणताव आन् बारावी झाली की म्हणताल बास."

"न्हाय, बाई. शपथ घेऊन सांगतो."

"मग आधी का न्हाय म्हणलाव?"

सोमेशनं तिच्यापुढची एक शेंग उचलून फोडली. त्याला वाटलं होतं, पोरगी आनंदानं उडी मारील. चार वेळा हो-नाही करून शेवटी ती "बघते" म्हणाली. शिवलीलानं तिला आत नेलं. दोघी बराच वेळ बोलत होत्या, शिवलीलाच्या माहेरच्या कानडीत, हळू आवाजात. सोमेशनं कान दिला, मग स्वतःच उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसला.

राजीनं सायन्स घेतलं. पण घरात काही तिचं बोलणं वाढलं नाही. ती दाराला आतून कडी घालून बसायची. सोमेशनं विचारलं, "काय शिकवलं आज?" की म्हणायची, "हाय आपलं काईतरी." त्याला वाटायचं, दार वाजवून आत जावं, बघावं काय करते. वाजवायचा नाही. एकदा चहाचा कप घेऊन मात्र तो स्वतः दाराशी गेला. तिनं दार अर्धं उघडलं, कप घेतला आणि परत कडी लावली.

जुलैत एका सकाळी तो तिला फाट्यावर एसटीपर्यंत सोडायला गेला. तिथं गावातले हणमंतप्पा भेटले. सगळ्यांच्या घरची चौकशी करणारे म्हातारे गृहस्थ.

"पोरगी कुठं चालली?"

"तुळजापूरला, कॉलेजला. सायन्सला हाय," सोमेश म्हणाला.

"आन् वीरू? तुज्या घरात सायन्सवाला तर त्यो हुता."

सोमेशनं घसा साफ केला. आसपास पाच-सात माणसं एसटीची वाट बघत होती. "न्हाय, काका," तो मोठ्यानं म्हणाला. "माजं चुकलं त्यात. डोकं हिचंच हाय. माज्या दुकानातला करंट हिनं हुडकून काढला. मला ठावं नव्हतं."

हणमंतप्पा "आँ" करून राजीकडं बघायला लागले. राजी बापाकडं बघत होती. सोमेशला ती नजर ओळखीची होती. जुनी मोटार नवी म्हणून कुणी पुढं केली की तो स्वतः तशीच बघायचा, आधी बाहेरून, मग झाकणाच्या आत. ती हसली नाही. पण नजर काढूनही घेतली नाही.

एसटी आली. गर्दीत वाट काढून राजी चढली, खिडकीपाशी जागा मिळवली आणि सॅकमधून पुस्तक काढून मांडीवर उघडलं. गाडी हलली तेव्हा तिनं एकदा मान वळवून बघितलं, बाप अजून उभा आहे का ते. तो उभा होता.